गिरणगावच्या बेकाराला हमी कोणाची?

बेकारीचा विषय निघाला की आपले राज्यकर्ते प्रथम बेकाराचे वय विचारतात. वय अठरा ते पस्तीसच्या दरम्यान असेल तर त्याच्यासाठी २०२४ साली मुख्यमंत्र्यांच्या नावाने युवा कार्यप्रशिक्षण योजना निघाली : बारावी झालेल्यास दरमहा ६ हजार, आयटीआय अथवा पदविकाधारकास ८ हजार आणि पदवीधरास १० हजार रुपये विद्यावेतन, तेही प्रारंभी अवघ्या सहा महिन्यांपुरते. वय पासष्टच्या पुढे गेले असेल आणि घरात खायची भ्रांत असेल तर श्रावणबाळ योजनेचे दीड हजार रुपये. स्त्री असेल तर त्याच २०२४ साली निघालेल्या लाडक्या बहिणीच्या योजनेतील दीड हजार; पण ते घरखर्चाला हातभार म्हणून, तिला काम मिळवून देण्यासाठी नव्हेत. छत्तिसाव्या वर्षी ज्याचे काम सुटले त्या पुरुषाने, आणि जिला दान नको, काम हवे आहे त्या बाईने कोणत्या दारात उभे राहावे, याचे उत्तर शासनाच्या दप्तरात सापडत नाही.

दादर, नायगाव, परळ, लालबाग या पट्ट्यात राहणाऱ्या आमच्या वाचकांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे येथील बेकारी एका उद्योगातून दुसऱ्या उद्योगात आणि बापाकडून मुलाकडे अशी सरकत आली आहे. प्रत्येक वेळी तिच्याकडे स्वतंत्र संकट म्हणून पाहिले गेले : आधी गिरणीचे, मग छापखान्याचे, मग बँकेचे, मग टेलिफोनचे. प्रत्येक वेळी ज्याची पाळी आली नव्हती त्याने तो दुसऱ्याचा प्रश्न मानला. आज आम्ही एकच मागणी मांडू इच्छितो. शहरातील कोणाही प्रौढ व्यक्तीला, वयाची वरची अट न घालता, मागेल तेव्हा काम देण्याची कायदेशीर हमी महाराष्ट्र शासनाने द्यावी. आणि अशा हमीसाठी हे शहर १९७५ पासून पैसे मोजत आले आहे, हे प्रथम मान्य करावे.

या दुसऱ्या विधानाचा खुलासा पुढे येईलच. त्याआधी काम जाते म्हणजे नेमके काय होते ते पाहिले पाहिजे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही, हे वाक्य आता इतक्यांदा छापून झाले आहे की वाचणारा त्यावरून सहज पुढे जातो. व्यवहारात त्याचा अर्थ असा की संपाचा शेवट ठरला नाही, म्हणून हिशेबही ठरला नाही. लाखाच्या घरात कामगार पुन्हा फाटकाच्या आत घेतले गेले नाहीत. १९८३ साली केंद्र सरकारने मुंबईतील तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी आणि यंत्रमाग यांना एकाच मापाने मोजायचे ठरविले. आणि कापडाचे उत्पादन भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे पूर्वीपासून जाऊ लागले होते ते अधिकच वेगाने गेले. कापड विणले जातच राहिले. ते विणणाऱ्याचा पगार, त्याचा फंड, त्याची आठ तासांची पाळी आणि कामगार राज्य विम्याच्या दवाखान्यावरचा त्याचा हक्क एवढे मात्र वाटेत गळून पडले.

संपाच्या वर्षी जो साचेवाला चाळिशीचा होता त्याचा विचार करा. वीस वर्षांत त्याच्या हाताला जे कसब आले त्याची किंमत गिरणीच्या आवाराबाहेर शून्य होती. किंवा भिवंडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये, बारा तासांच्या पाळीला, पूर्वीच्या मजुरीच्या एका तुकड्याएवढी. सरकारी नोकरीला त्याचे वय उलटले होते. सेवायोजन कार्यालयात नाव घातले तर तेथे त्याच्या मुलाच्या वयाची मुले रांगेत उभी होती. तो इमारतीच्या दारावर रखवालदार झाला, पदपथावर भाजी घेऊन बसला, किंवा रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूरकडे आपल्या गावी निघून गेला. ज्या गावांत दरमहा मुंबईची मनीऑर्डर येत असे त्या गावांतूनच आता मुंबईत राहिलेल्या बायकापोरांसाठी तांदळाची गोणी एस.टी.च्या टपावरून येऊ लागली. मुंबईची बेकारी मुंबईपुरती कधीच नव्हती. ती दहाव्या दिवशी कोकणात आणि घाटावर पोचत होती.

आणि म्हातारपण? कामगारांची १९९५ ची निवृत्तिवेतन योजना त्या वर्षाच्या नोव्हेंबरात सुरू झाली. बारा-तेरा वर्षे आधीच नोकरी गेलेला संपकरी तिच्या बाहेर राहिला. जे आत राहिले त्यांच्यासाठी २०१४ साली किमान निवृत्तिवेतन दरमहा १ हजार रुपये ठरविण्यात आले. दादरच्या बाजारात या रकमेत महिन्याचे दूध येत नाही.

पण गिरणगावची बेकारी १९८२ साली सुरू झाली असे मानणे ही पुरुषी इतिहासाची चूक आहे, आणि ती आपण कामगार चळवळीच्या माणसांनीच अधिक केली. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील पाच कामगारांत सुमारे एक स्त्री होती. वाइंडिंग आणि रीलिंगची खाती तर बायकांचीच समजली जात. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूती-लाभाचा कायदा झाला तेव्हा मालकाला बाई महाग वाटू लागली. रात्रपाळीची बंदी आणि यांत्रिकीकरण यांनी उरलेले काम केले. संपाच्या वर्षापर्यंत गिरणीतील स्त्री-कामगार मोजण्यापुरती राहिली होती. एवढी मोठी बेकारी पन्नास वर्षांत सावकाश घडत गेली आणि तिच्यासाठी एकही सार्वत्रिक संप झाला नाही. बाई घरी गेली, खानावळ घालून बसली, आणि बदलीवर जाणाऱ्या दहा-पंधरा गाववाल्यांच्या जेवणावर आपला संसार चालवू लागली. या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडविण्यासाठी बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्यानंतर सातच वर्षांनी गिरण्यांची फाटके बंद झाली आणि जेवणाऱ्यांचे पगार थांबले. गिरणीच्या हजेरीपटावर नाव नसलेल्या या बाईचा धंदा संपाने बुडाला तेव्हा तिला कोणी बेकार म्हटले नाही, कारण तिला कधी कोणी कामगार म्हटले नव्हते.

गिरणीतील बदली कामगाराचीही तीच गत. १९३५ च्या सुमारास बदली नियंत्रणाची पद्धत आली तेव्हापासून हजारो तरुण रोज पाळीच्या वेळी खात्यासमोर उभे राहत, कोणी गैरहजर असेल तर कामाला लागत, नसेल तर परत फिरत. वर्षानुवर्षे बदलीच राहिलेल्या माणसाला काय म्हणायचे, कामकरी की बेकार? आज सकाळी कोहिनूर स्क्वेअरच्या पायथ्याशी दुचाकी उभी करून, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पुढचे काम येण्याची वाट पाहणारा मुलगा दिसतो तेव्हा आम्हाला त्या बदलीवाल्याची आठवण होते. फरक एवढाच की बदलीवाल्याला मुकादमाचा चेहरा ठाऊक होता.

कोहिनूर स्क्वेअरचे नाव निघालेच आहे तर जमिनीचा हिशेबही सांगून टाकू. २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईतील पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. त्यांची मिळून किंमत २,००० कोटी रुपयांहून अधिक आली. त्यांतील शिवसेना भवनासमोरची कोहिनूर गिरणी ४२१ कोटींना गेली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी होती. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी केवळ बांधकाम नसलेल्या जागेला लागू राहिली. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये गिरणी कामगारांच्या आणि शहराच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरविला. हा भाग आमच्या वाचकांना माहीत आहे. फारसा माहीत नसलेला भाग निराळाच आहे. त्याच ५८ व्या नियमात अशा अर्थाचे एक कलम होते की गिरणीच्या जागी जो नवा उद्योग उभा राहील त्यात गिरणी कामगाराला, अथवा त्याच्या कुटुंबातील किमान एकाला, अग्रक्रमाने काम द्यावे आणि त्यासाठी लागणारे शिक्षणही मालकाने द्यावे. कलम वाचायला सुंदर आहे. मेख दोन शब्दांत आहे. कामगार १ जानेवारी २००० रोजी गिरणीच्या नोकरीत असला पाहिजे, म्हणजे १९८२ चा संपकरी आपोआप बाहेर. आणि उमेदवाराच्या अंगी त्या कामास लागणारी पात्रता असली पाहिजे, म्हणजे उरलेल्यांपैकी बहुतेक बाहेर. या जमिनींवर मॉल, कचेऱ्या, उपाहारगृहे उभी राहिली. त्यांच्या दाराशी गणवेशात उभा असलेला पहारेकरी पुष्कळदा चाळीतलाच निघतो, पण तो या कलमाने तेथे आलेला नाही. कंत्राटदाराने आणलेला आहे.

पुढे गिरणी कामगारांची चळवळ घरांच्या प्रश्नावर एकवटली. २०१२ च्या जूनमध्ये म्हाडाची पहिली मोठी सोडत निघाली तेव्हा सुमारे सात हजार घरांसाठी जवळजवळ दीड लाख अर्ज होते. घराचा हक्क न्याय्य आहे आणि त्यासाठी रस्त्यावर उतरलेल्यांना आमचा पाठिंबा आहे. तरी एक गोष्ट नमूद करणे कर्तव्य समजतो : कामाचा प्रश्न सोडतीच्या प्रश्नात बुडाला. ज्याचे काम गेले त्याला घर मिळेल की नाही यावर वीस वर्षे वाद झाला. काम कोण देणार, हे विचारायचेच राहिले.

दादर हे गाव मोठे चमत्कारिक. रेल्वेच्या एका बाजूला हिंदू कॉलनी, दुसऱ्या बाजूला शिवाजी पार्क, आणि हाकेच्या अंतरावर नायगाव-भोईवाड्याच्या चाळी. संपाच्या काळात मध्यमवर्गीय दादर सहानुभूती बाळगून होते. नाही असे नाही. पण मनातून त्याची अशी समजूत होती की हे हातांनी काम करणाऱ्यांचे दुखणे आहे आणि लेखणीने काम करणाऱ्याला ते होत नाही. मग १९८० ते २००० या काळात दादर-गिरगावातील छापखान्यांतून खिळे जुळविणारे हात रिकामे झाले. अक्षरजुळणी संगणकावर गेली. पन्नाशीच्या कंपोझिटरला संगणक शिकवण्याची तसदी फार थोड्या मालकांनी घेतली. टंकलेखन आणि लघुलेखनाच्या ज्या वर्गांतून इथल्या दोन पिढ्या नोकरीला लागल्या त्या वर्गांवरच्या पाट्या एकेक करून उतरल्या. लालबहादूर शास्त्री मार्गावरचे इंजिनिअरिंग आणि औषधांचे कारखाने गेले आणि त्यांच्या जागी मनोरे आले. २०००-०१ मध्ये सार्वजनिक बँकांतून एक लाखाच्या आसपास कर्मचाऱ्यांनी 'स्वेच्छानिवृत्ती' घेतली. जानेवारी २०२० च्या अखेरीस महानगर टेलिफोन निगममधून चौदा हजारांवर माणसे त्याच शब्दाखाली एका दिवसात बाहेर पडली. या योजनांतील 'स्वेच्छा' किती खरी होती, हे ज्यांनी त्या कागदांवर सह्या केल्या त्यांना विचारावे. एकरकमी पैसे मिळाले, हे मान्य. पण पन्नाशीचा माणूस दहा वर्षे काय करणार, मुलांची शिक्षणे आणि आईवडिलांची आजारपणे कशी निभावणार, याला त्या रकमेत उत्तर नव्हते. आणि त्या रिकाम्या झालेल्या जागा भरल्या गेल्या नाहीत, म्हणून त्यांची मुलेही बाहेरच राहिली. बापाची निवृत्ती आणि मुलाची बेकारी एकाच सहीने घडली.

मुलांचे काय चालले आहे? २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात सुमारे १७ हजार जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले. म्हणजे एका जागेला शंभर. मुंबईत भरतीसाठी आलेली गावोगावची मुले फलाटावर आणि पुलाखाली रात्र काढून पहाटे मैदानावर धावायला उभी राहतात. शंभरातील नव्व्याण्णव परत जातात, पुढच्या भरतीची वाट पाहतात, आणि वयाची अट ओलांडली की एका सकाळी 'युवक' राहत नाहीत. त्या सकाळपासून ते कोणत्याच योजनेचे नसतात.

सरकारी आकडे मात्र शांत आहेत. २०२३-२४ च्या श्रमबळ पाहणीप्रमाणे देशात पंधरा वर्षांवरील लोकांत बेकारीचे प्रमाण ३.२ टक्के, आणि १५ ते २९ या वयोगटात १०.२ टक्के. तरुणांतील प्रमाण तिपटीहून अधिक आहे, हे या पाहणीनेच दाखविले. त्याबद्दल तिचे आभार. परंतु ३.२ हा आकडा ज्या व्याख्येवर उभा आहे ती कार्यकर्त्यांनी समजून घेतली पाहिजे. वर्षातला बहुतेक काळ काम न मिळालेल्या माणसाने अध्येमध्ये मिळून तीस दिवस काही काम केले असेल तर तो रोजगारात मोजला जातो. आठवड्याच्या हिशेबात तर सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास काम केलेले पुरते. घरच्या टपरीवर बिनपगारी बसणारा मुलगाही रोजगारात. या मापाने गिरणी सुटून भाजी विकणारा साचेवाला बेकार नाही, मेस बुडालेली आणि चार घरची भांडी घासणारी खानावळवाली बेकार नाही, आणि दिवसाला चार खेपा मिळालेला दुचाकीवरचा पदवीधर तर मुळीच बेकार नाही. गरीब माणसाला बेकार राहणे परवडत नाही. तो काहीतरी करतोच, आणि त्याच्या त्या 'काहीतरी'वर सरकार आपली पाठ थोपटून घेते.

आता पैशाची गोष्ट.

१९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्राने लाखो माणसांना कामावर घेतले. वि. स. पागे यांनी त्याआधीच मांडलेल्या आणि तासगाव तालुक्यात करून पाहिलेल्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा विधिमंडळाने एकमताने केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या प्रौढास पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारभत्ता. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमातील कामाच्या हक्काला प्रथमच पाय फुटले. देशभरासाठी २००५ साली झालेला ग्रामीण रोजगाराचा कायदा याच प्रयोगावरून घडला. या योजनेबद्दल आम्हाला अभिमान आहे आणि तो आम्ही लपवीत नाही.

या योजनेचा खर्च भागविण्यासाठी जे कर बसविले त्यांत प्रमुख होता १९७५ चा व्यवसाय कर. तो कापला गेला आणि आजही कापला जातो तो पगारदाराच्या वेतनातून, म्हणजे मुख्यतः शहरातून. गिरणी कामगाराच्या पगारातून तो गेला, बँकेच्या कारकुनाच्या गेला, बेस्टच्या कंडक्टरच्या गेला. शहरी नोकरदाराने ग्रामीण मजुराच्या कामाची जबाबदारी उचलावी, ही कल्पना थोर होती आणि मुंबईच्या कामगाराने तिच्याविरुद्ध कधी हूं की चूं केले नाही. दुष्काळात खडी फोडणारा त्याचा भाऊच होता. पण कायदा लागू झाला तो ग्रामीण भागाला आणि फार तर 'क' वर्ग नगरपालिकांना. ज्याच्या पगारातून हमीचा कर कापला त्याचे स्वतःचे काम गेले तेव्हा त्याला ती हमी मिळाली नाही.

एवढेच नाही. बृहन्मुंबई महापालिकेचे मालमत्ता कराचे बिल हातात घेऊन पाहा. अनिवासी इमारतींच्या बिलात 'रोजगार हमी उपकर' असा एक रकाना असतो. म्हणजे गिरणीच्या जमिनीवर उभा असलेला मॉल, कचेऱ्यांचा मनोरा, हेही रोजगार हमीसाठी पैसे भरतात. गिरणगावच्या छातीवर उभ्या असलेल्या काचेच्या इमारतींकडून हमीच्या नावाने गोळा होणाऱ्या पैशातून गिरणगावच्या एकाही बेकाराला एक दिवसाचे काम मागता येत नाही. कायदा असा आहे.

आणि व्यवसाय कराचा दर? महिना १५ हजारांवर रात्रपाळी करणारा पहारेकरी वर्षाला २,५०० रुपये भरतो. त्याच इमारतीच्या विसाव्या मजल्यावर बसणारा, वर्षाला पन्नास लाख मिळविणारा अधिकारीही २,५०० रुपयेच भरतो. घटनेच्या २७६ व्या कलमाने घातलेली ही मर्यादा १९८८ साली ठरली. ती बदलण्यासाठी दिल्लीत घटनादुरुस्ती करून घ्यावी लागेल. तो लढा वेगळा. अनिवासी इमारतींचा उपकर वाढविणे मात्र राज्याच्या हातात आहे.

आमच्या मागणीवर जे आक्षेप घेतले जातील त्यांपैकी एक ऐकण्याजोगा आहे : शहरात काम काय देणार? खडी फोडायला लावणार का? मुळीच नाही. परळच्या मोठ्या रुग्णालयांच्या आवारात रुग्णांच्या नातेवाइकांना कागद भरून द्यायला माणूस नाही. महापालिकेच्या शाळांत मदतनीस नाहीत, वाचनालये संध्याकाळी उघडी ठेवायला माणूस नाही, मोडकळीला आलेल्या उपकरप्राप्त चाळींची साधी डागडुजी होत नाही, एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे डोकावणारे कोणी नाही. पन्नाशीचा कंपोझिटर, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, खानावळ चालविलेली बाई यांना जे येते ते करायला या शहरात जागा आहे. केरळने २०१० पासून अय्यनकाली यांच्या नावाने शहरी रोजगार हमीची योजना चालविली; राजस्थानने २०२२ साली शंभर दिवसांच्या कामाची योजना आणली; ज्याँ द्रेझ यांनी २०२० साली महापालिका, शाळा, रुग्णालये यांना रोजगाराच्या चिठ्ठ्या देऊन माणसे कामावर घेऊ द्यावीत असा आराखडा मांडला. ज्या राज्याने देशाला हमीची कल्पना दिली ते या बाबतीत मागे राहावे, याचा निदान संकोच तरी वाटावा.

मात्र येथे एक धोका आहे आणि तो आम्हीच बोलून दाखवतो. हमीच्या नावाखाली महापालिका आपल्या कायम जागा रिकाम्या ठेवील आणि तेच काम स्वस्तात करून घेईल. कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी काय करावे लागले ते सर्वांसमोर आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघाला २,७०० कामगारांचा हक्क मिळविण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि निकाल लागला तो २०१७ साली. म्हणून सफाई, मलनिस्सारण, परिवहन अशी जी कामे कायम आहेत ती हमीच्या यादीत असता कामा नयेत; त्यांच्या जागा कायमच भरल्या पाहिजेत, आणि हमीच्या कामाची मजुरी किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. ही अट कायद्यात लिहिली गेली नाही तर आम्ही त्या कायद्याला विरोध करू.

बाहेरची माणसे लोंढ्याने येतील, हा दुसरा आक्षेप. या शहरात १९६६ पासून बेकारीचे खापर परक्या माणसावर फोडून मते मिळविली गेली. ज्याने नोकरी 'पळविली' असे सांगण्यात आले तो टंकलेखक आणि ज्याची 'पळविली गेली' तो, दोघांचेही टंकलेखन यंत्र पुढे भंगारात गेले. गिरणगाव बाहेरून आलेल्यांनीच वसविले. याहून अधिक या आक्षेपावर लिहीत नाही.

कठीण बोल राहिले ते आपल्यासाठी. १९५० साली मिल मजदूर सभेच्या नेतृत्वाखाली समाजवाद्यांनी बोनससाठी त्रेसष्ट दिवसांचा संप लढविला. त्या लढ्याचा वारसा आपण सांगतो. पण फाटकाच्या आत असलेल्याचा पगार आणि बोनस हेच आपल्या कामाचे केंद्र राहिले. आतून बाहेर फेकला गेलेला माणूस वर्गणी भरीत नाही, सभेला येत नाही, हळूहळू यादीतून गळतो. आणि आपणही त्याला गळू दिले. आता तर फाटकाच्या आत असलेलेच थोडे राहिले आहेत. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याची अट शंभरऐवजी तीनशे कामगारांच्या आस्थापनांपुरती केली. या पट्ट्यात तीनशे कामगारांचा कारखाना शोधून काढावा लागेल. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या मुंबईतील उरल्यासुरल्या गिरण्या मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबल्या, तेव्हा त्या चालू होत्या हेच आपल्यातील कित्येकांना प्रथम कळले.

तेव्हा दादर, नायगाव, परळ, लालबाग, काळाचौकी येथील कार्यकर्त्यांना आमची सूचना अशी. मोर्चाच्या आधी नोंद करा. एकेका चाळीत, एकेका इमारतीत जाऊन काम मागणाऱ्यांची यादी तयार करा. पुनर्विकासाच्या मनोऱ्यांत वरच्या मजल्यांवर गेलेल्या जुन्या भाडेकरूंना वगळू नका. वयाचा रकाना शेवटी ठेवा. शेवटचे काम कोणते, ते कोणत्या वर्षी सुटले, सुटताना हातात काय मिळाले, आज आठवड्यात किती दिवस आणि किती तास काम मिळते, कोणते काम येते, घरातील कोणाच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो, एवढे प्रश्न पुरेत. घरातील बाईला ते तिच्यासमोर बसून विचारा. तिच्या वतीने नवऱ्याने उत्तरे देऊ नयेत. ज्यांना काम हवे त्यांची प्रत्येकाची स्वतंत्र, सहीनिशी मागणी महापालिकेच्या विभाग कार्यालयात द्या आणि तिची पोच घ्या. जी/उत्तर, एफ/उत्तर आणि एफ/दक्षिण या तीन विभागांपासून सुरुवात करता येईल. आज कायदा नाही म्हणून अर्ज नाकारला जाईल. नकार लेखी मागा आणि तो जपून ठेवा. १९७७ च्या कायद्यात दुरुस्ती मागण्यासाठी विधिमंडळासमोर जाताना ही नकाराची कागदपत्रे बरोबर लागतील.